आखाजीची छाटणी, मृगाची माती: खानदेशात बोन्साय रुजवताना

मे महिन्यात आमच्या जळगावच्या गच्चीवर आलेला पाहुणा एका कुंडीपाशी थांबतो आणि हळहळतो. "हे गेलं वाटतं," म्हणतो. चार बोटं खोल कुंडीत हातभर उंचीचं बोराचं झाड आहे. अंगावर एक पान नाही, फांद्या राखाडी, काटे तेवढे नजरेत भरतात. मी नखाने साल जराशी खरवडून दाखवतो. आत ओला हिरवा रंग असतो. बोर उन्हाळ्यात पान टाकून झोपतं. शेतातलं झोपतं तसंच कुंडीतलंही झोपतं. मृगाच्या सरी आल्या की काट्यांच्या बगलेतले डोळे फुगतात आणि आठ-दहा दिवसांत सगळं झाड पोपटी होतं.

याच जागी पूर्वी एक ज्युनिपर होता. मोठ्या शहरातल्या एका नर्सरीतून हौसेने आणलेला. पुस्तकात लिहिलं होतं तसंच सगळं केलं. मातीचं मिश्रण, तार, सकाळचं ऊन, पाण्याच्या वेळा, कशातही कसूर ठेवली नाही. एप्रिल संपता संपता टोकं फिकी पडली. ज्युनिपर मेल्यावरही काही आठवडे हिरवाच दिसतो, त्यामुळे मी मेलेल्या झाडाला रोज पाणी घालत राहिलो. पान चुरगळून पाहिलं तेव्हा त्याची भुकटी झाली.

एक झाड गेलं आणि दुसरं टिकलं, ते का, याचं उत्तर शोधताना बोन्सायचा सगळा इतिहास नव्याने वाचावा लागला. तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. ही कला देशोदेशी गेली तेव्हा कुंड्या, हत्यारं आणि पुस्तकं सहज पोहोचली. पण ती मुक्कामाला राहिली फक्त तिथे, जिथे लोकांनी आपलं झाड, आपली माती आणि आपला ऋतू तिच्यात आणला. जळगाव-धुळ्यात बोन्साय रुजेल का, या प्रश्नाकडे म्हणून या इतिहासाच्या वाटेनेच जायला हवं.

तबकातला डोंगर

'बोन्साय' या जपानी शब्दात 'बोन' म्हणजे पसरट, उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं. शब्द जपानी असला तरी कलेचं मूळ चीनमध्ये आहे. तिथे तिला 'पेनजिंग' म्हणतात. चीनच्या शान्शी प्रांतात तांग घराण्यातल्या राजपुत्र झांगहुआईची कबर आहे. इसवी सन ७०६ मधल्या या कबरीच्या भिंतीवर हातात तबक घेऊन चालणारे सेवक रंगवले आहेत आणि तबकात दगड व छोटी झाडं आहेत. तेराशे वर्षांपूर्वीच्या दरबारात ही गोष्ट सरावाची झाली होती, याचा हा पुरावा. चिनी कल्पनेत झाड एकटं नसतं. त्याच्यासोबत खडक, पाणी, कधी मातीची होडी किंवा झोपडी असते. सगळा डोंगर तबकात उतरवायचा, हा तिथला ध्यास होता.

आपल्याकडे ही कला मूळची भारतीय, वैद्यांनी औषधी झाडं कुंडीत लहान ठेवण्यातून ती जन्मली, असं बोन्सायप्रेमी मंडळींत अनेकदा सांगितलं जातं. झाडांचं शास्त्र आपल्याकडे नक्कीच जुनं आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त बीजसंस्कार, जमिनीची पारख, झाडांचे रोग आणि कुणपजलासारखं खत यांची बारकाईने चर्चा आहे. पण तबकात झाड घडवण्याच्या कलेचा सलग धागा चीनमधूनच सुरू होतो. आपण त्या धाग्याला वेगळ्या जागी जोडलेलो आहोत. अजिंठा जळगावहून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. ज्या बौद्ध विचाराने तिथली लेणी कोरवली, तोच विचार मध्य आशियातून चीनला आणि पुढे जपानला गेला. चीनमधून जपानला झाडांची तबकं नेण्यात बौद्ध भिक्षूंचा मोठा वाटा होता.

जपानमध्ये १३०९ सालच्या 'कासुगा गोंगेन गेन्की' या चित्रपटात, म्हणजे गुंडाळीवरच्या चित्रमालिकेत, अशी तबकं दिसतात. त्याच सुमारास कोकान शिरेन या झेन भिक्षूने तबकातल्या सृष्टीवर लेखन केलं. 'हाची नो की', म्हणजे 'कुंडीतली झाडं', या नावाचं एक नो नाटक तर जपानी माणसाला आजही परिचयाचं आहे. बर्फाच्या रात्री एका दरिद्री सामुराईच्या दारात प्रवासी भिक्षू येतो. घरात जाळायला लाकूड नसतं. सामुराई आपली जिवापाड जपलेली तीन झाडं, प्लम, चेरी आणि पाइन, तोडून पाहुण्यासाठी शेकोटी करतो. तो भिक्षू खुद्द राज्यकर्ता निघतो आणि सामुराईला त्या तीन झाडांच्या नावांची तीन वतनं देतो. कुंडीतल्या झाडाची किंमत त्या समाजाला किती कळली होती, हे या कथेतून समजतं.

जपानने चिनी पसारा कमी केला. खडक, होड्या, झोपड्या काढून टाकल्या आणि एका झाडावर नजर स्थिर केली. बुंधा, मुळांची पकड, फांद्यांची उतरंड आणि मधली मोकळी जागा, एवढ्यावर सगळं तोललं. तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सू (१६०४–१६५१) याने सांभाळलेला म्हणून ओळखला जाणारा पाइन आज टोकियोच्या राजवाड्यातल्या संग्रहात आहे. त्याचं वय पाचशे वर्षांच्या पुढे मानतात.

जपानबाहेरचा प्रवास

१८६७ नंतर पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतून आणि १९१० च्या लंडनमधल्या जपान-ब्रिटिश प्रदर्शनातून युरोपने ही झाडं पाहिली. तिथे गेलेली बरीचशी झाडं पुढे मेली. झाड जहाजातून गेलं, पण त्याला सांभाळणारा हात गेला नाही.

जपानमध्ये मात्र या हातांचं एक गावच वसलं. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं. तिथल्या बोन्साय व्यावसायिकांनी शहराबाहेर स्वच्छ पाणी आणि चांगली माती शोधली आणि १९२५ मध्ये ओमिया इथे वस्ती केली. त्या वस्तीचे नियम वाचण्यासारखे आहेत. प्रत्येक रहिवाशाकडे किमान १० बोन्साय हवीत. दार पाहुण्यांसाठी उघडं हवं. दुमजली घर बांधायचं नाही. कुंपण भिंतीचं नको, झाडांचं हवं. शेजाऱ्याच्या झाडाचं ऊन आपल्या भिंतीने अडू नये, ही काळजी नियमात घालणारं गाव जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. १९३४ मध्ये टोकियोत 'कोकुफू' प्रदर्शन सुरू झालं आणि बोन्सायला चित्र-शिल्पांच्या दालनात मानाची जागा मिळाली.

हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाच्या पाइनची हकिगत तर प्रत्येक बोन्सायप्रेमीने एकदा तरी वाचावी. १६२५ पासून वाढवलेलं हे झाड ६ ऑगस्ट १९४५ रोजी स्फोटाच्या जागेपासून सुमारे ३ किलोमीटरवर होतं. भोवतीच्या उंच भिंतीमुळे ते वाचलं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिली, त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिलं. त्याने काय सोसलं होतं, ते त्यांनी मिरवलं नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला झाड पाहायला गेले, तेव्हा तिथल्या लोकांना ते समजलं.

अमेरिकेत ही कला रुजवण्यात जॉन नाका (१९१४–२००४) यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. कोलोरॅडोत जन्म, बालपण जपानात, आयुष्य लॉस एंजेलिसमध्ये. त्यांनी शिष्यांना जपानी झाडांमागे धावायला लावलं नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी डोंगरातला ज्युनिपर हातात घ्यायला शिकवलं. दक्षिण आफ्रिकेत बोन्सायकारांनी तिथल्या बाभूळवर्गातल्या सपाट माथ्याच्या झाडांवरून स्वतःची शैली बेतली. तैवानने नांद्रुकाच्या कुळातल्या फायकसवर असा हात बसवला की उष्ण कटिबंधातल्या सगळ्या देशांना धडा मिळाला. पाइनसाठी लिहिलेल्या नियमांत वडवर्गाची झाडं बसत नाहीत. त्यांची साल गुळगुळीत, मुळं धावरी, वाढ भराभर. तैवानने नियमच झाडाच्या बाजूने लिहिले.

भारतात, महाराष्ट्रात

भारतात बोन्सायचे संघटित प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्ली आणि मुंबईत सुरू झाले. दिल्लीत लीला धांडा यांनी वाट दाखवली. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख यांनी अभ्यासवर्ग, प्रदर्शनं आणि पुस्तकांतून दोन पिढ्या घडवल्या. मुंबईच्या दमट हवेत वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक या झाडांनी हाताला साथ दिली. जुन्या इमारतींच्या भेगांत उगवलेले पिंपळ अनेकांचे पहिले गुरू ठरले.

पुण्यात प्राजक्ता काळे यांनी या छंदाला व्यवसायाचं आणि प्रशिक्षणाचं रूप दिलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात त्यांनी ३,३३३ बोन्साय एकत्र मांडली आणि सर्वांत मोठ्या बोन्साय प्रदर्शनाचा गिनीज विक्रम नोंदवला. त्याच शहरात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानी बागेतली पाण्याची, दगडाची आणि मोकळ्या जागेची भाषा मराठी माणसाला तिथे चालता चालता कळते.

पुण्या-मुंबईची हवा आणि खानदेशची हवा यांत मात्र मोठा फरक आहे. पुण्याच्या वर्गात शिकून आलेला आपला माणूस पहिल्याच उन्हाळ्यात हात टेकतो आणि "आपल्याकडे नाही जमत" म्हणून कुंड्या पालथ्या घालतो. न जमण्याचं कारण झाडात आणि वेळापत्रकात असतं.

'घरात खुरटं झाड नको'

त्याआधी दोन आक्षेपांपाशी थांबायला हवं, कारण मराठी घरात बोन्साय शिरताना दारातच अडतं ते त्यांच्यामुळे. घरात खुरटं झाड ठेवलं की घराची वाढ खुंटते, असं अनेक जण मानतात. पिंपळ घरात नको, असंही म्हणतात. दुसरा आक्षेप करुणेचा आहे. मोठं व्हायला जन्मलेलं झाड कोंडून लहान ठेवायचं, हे क्रौर्य आहे. मराठी बोलण्यात आणि लिहिण्यात 'बोन्साय' हा शब्द दबलेल्या मुलासाठी, घरात कोंडलेल्या बाईसाठी सर्रास वापरला जातो.

या भावनेचा मला आदर आहे. गावाकडून आलेली माझी मावशी गच्चीवर उभी राहून अहिराणीत म्हणाली, "झाडले काबरं कोंडी ठेवं रे भाऊ?" मी तिला अंगणातल्या तुळशीपाशी नेलं. मंजिऱ्या आल्या की ती रोज सकाळी खुडते. खुडल्या नाहीत तर तुळस उंच, विरळ होते आणि लवकर वाळते. खुडल्या की डेरेदार होते, वर्षानुवर्षं टिकते. हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. बोन्सायकार शेंडे खुडतो तो याच नेमाने.

मुळांचंही तसंच आहे. दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढून बाहेरची जाड मुळं कापतात, तेव्हा आत बारीक तंतुमुळांची जाळी तयार होते. पाणी आणि अन्न घेण्याचं काम तीच करते. झाडाला उपाशी ठेवलं तर ते लहान राहत नाही, मरतं. पाचशे वर्षांचा पाइन उपासमारीवर जगलेला नाही. खुरटलेलं झाड आणि घडवलेलं झाड यांत फरक आहे. रस्त्याच्या दुभाजकात लावून नंतर कुणी न पाहिलेलं झाड खुरटतं.

वटपौर्णिमेचा विचार इथे करावासा वाटतो. ज्येष्ठात बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग येतात आणि दुसऱ्या दिवशी ते कचऱ्यात असतात. एका मोठ्या वडाचे किती हात त्यासाठी तुटतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला कुंडीतला वड क्रूर वाटणार नाही. गच्चीवर सांभाळलेला वड पिढ्यान्‌पिढ्या पुजता येतो. एकही फांदी तोडावी लागत नाही.

काळी माती, पांढरं ऊन

आता खानदेश. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळ्याकडे वारा कोरडा. वर्षाचा पाऊस जळगावला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत. अशा उन्हात उथळ कुंडी गच्चीच्या लादीवर ठेवली तर झाडापेक्षा मुळं आधी भाजतात. पानांवर पाणी मारून भाजलेली मुळं सुधारत नाहीत. म्हणून इथे कुंडी जमिनीपासून हातभर वर, लाकडी फळीवर किंवा विटांवर हवी. मार्चपासून वर हिरवी शेडनेट, निम्मं ऊन अडवणारी. लहान कुंड्या ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये अर्ध्या पुरून ठेवाव्यात. जपानी मापापेक्षा कुंडी दोन बोटं खोल घेतली तर इथे तो दोष मानू नये.

माती हा दुसरा मुद्दा. तापीकाठची काळी कसदार माती केळीला आणि कापसाला सोनं देते. कुंडीत मात्र ती घातक ठरते. ओली झाली की लोण्यासारखी दाटते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगांत तंतुमुळं तुटतात. जपानी लोक 'अकादामा' नावाची दाणेदार भाजकी दिसणारी माती वापरतात. आपल्याकडे तिचं काम वीटभट्टीवरची फुटकी वीट करते. वीट हरभऱ्याएवढी फोडायची, चाळायची आणि भुकटी टाकून द्यायची. सगळं मर्म या चाळण्यात आहे. भुकटी राहिली तर तळाशी चिखल होतो. दोन वाटे विटेचे तुकडे, एक वाटा मुरूम किंवा नदीची जाड वाळू, एक वाटा जुनं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत, मूठभर निंबोळी पेंड. पाणी ओतलं की क्षणभर साचून लगेच खालच्या भोकांतून धार लागली पाहिजे. ती लागली तर मिश्रण जमलं.

पाण्याचं मोजमाप खानदेशला नवं नाही. पांझरेच्या खोऱ्यात शतकांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतांचे फड आणि प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी ठरलेलं. पाणी देणारा पाटकरी, राखणारा जागल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस जळगावच्या जैन उद्योगसमूहाने ठिबक सिंचन शेताशेतात नेलं आणि थेंब मोजण्याची सवय घरोघर झाली. ठिबकची बारीक नळी आज अनेक गच्च्यांवर दिसते. बोन्सायसाठी ती वापरताना एक खबरदारी घ्यावी. विटेच्या दाणेदार मिश्रणात थेंब सरळ खाली उतरतो, आडवा पसरत नाही. एकाच ठिकाणी ओल, बाकी कुंडी कोरडी राहते. त्यामुळे उन्हाळ्यात बारीक छिद्रांच्या झारीने सकाळ-संध्याकाळ सगळी कुंडी भिजवणं हाच खरा उपाय. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीच्या कडेला पांढरी साय धरतात. पावसाळ्यात झाडं मोकळ्या पावसात ठेवली की ते धुऊन निघतात.

तिसरा मुद्दा पंचांगाचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. पुस्तकं सांगतात की झाड हिवाळ्यात झोपतं, वसंताच्या तोंडाशी कुंडी बदला. बर्फाच्या देशात ते खरं. आपल्याकडे बोरासारखी झाडं झोपतात ती वैशाखात. शेतकरी बोराची छाटणी एप्रिल-मेमध्ये करतो, म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे. माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत असतात, तेव्हा बोराच्या बागेत कात्री चालते. कुंडीतल्या बोरालाही तोच मुहूर्त. आखाजीला छाटणी आणि मृगाला माती बदलणं. वड, उंबर, नांद्रुक यांची माती पहिल्या पावसानंतर बदलली की हवेतल्या ओलाव्यात ती लगेच धरतात. पिंपळाला होळीनंतर नवी तांबूस पालवी येते. ती येण्याच्या जरा आधी पानं काढली तर नवी पानं लहान येतात. तारेचंही तसंच आहे. जपानी पाइनवर तार वर्षभर राहू शकते. आपल्या वडावर श्रावणात बांधलेली तार पोळ्यानंतर महिनाभरात सालीत रुतायला लागते. दर आठवड्याला बोट फिरवून पाहायला हवं.

आपली झाडं

खानदेशने पहिलं झाड कोणतं निवडावं, असं कुणी विचारलं तर मी बोर म्हणेन. जळगावजवळच्या मेहरूणची बोरं नावाजलेली. बांधावरची गावरान बोरटी पाहा. शेळ्या तिचे कोवळे शेंडे वर्षानुवर्षं खातात. परिणामी बुंधा मांडीएवढा, उंची गुडघ्याएवढी आणि वर बारीक फांद्यांचं दाट छत्र. बोन्सायकार दहा वर्षं खपून जे साधतो, ते शेळीच्या दातांनी बांधावर आयतं झालेलं असतं. या झाडाला गरमीचं भय नाही, छाटणीचा राग नाही. अडचण एकच. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं झाड उपटून कुंडीत आणलं तर बहुधा धरत नाही. म्हणून आठळी फोडून बी पेरावं, रोप वीतभर झालं की सोटमूळ खुडावं आणि पुढे जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा. डोळा भरणारे हात आपल्या गावोगाव आहेत. शेतात मोठ्या झाडावर चालणारी त्यांची सुरी कुंडीतही तशीच चालते.

दुसरं झाड हिवर. माळावरचा हिवर लांबून पाहिला की छत्री उघडून ठेवल्यासारखा वाटतो. साल फिकट, माथा सपाट, पानं बारीक. दक्षिण आफ्रिकेने ज्या आकाराला आपली शैली म्हणून जगासमोर मांडलं, तो आकार आपल्या धुळ्याच्या वाटेवर रोज दिसतो. बाभळीचंही तेच. चिंचेची पानं मुळातच बारीक, साल लवकर भेगाळते, त्यामुळे ती आठ-दहा वर्षांत म्हातारी दिसू लागते. उंबराच्या बुंध्यालाच फळं लागतात, ती कुंडीतही लागतात. बोगनवेल परदेशातून आलेली, पण इथल्या उन्हात ती इतकी रमली आहे की तिला परकी म्हणवत नाही. पाणी जरा ताणलं की ती फुलांनी झाकून जाते.

काही झाडांना मात्र हात न लावलेलाच बरा. सातपुड्याचा अंजन सुंदर आहे, पण त्याचं मूळ खडकात खोल शिरणारं. उथळ कुंडीत त्याला सुख नाही. पळसाचं पान मोठं, ते लहान झाड बेढब करतं. झाडाचा स्वभाव ओळखून नकार देणं हाही या कलेचा भाग आहे.

झाड आणायचं कुठून

हौस वाढली की माणूस डोंगराकडे पाहतो. सातपुड्यातून, यावल-पालच्या जंगलातून झाड उपटून आणणं कायद्याने गुन्हा आहे आणि कलेच्या दृष्टीनेही पाप. खडकात शंभर वर्षं तग धरलेलं झाड गच्चीवर दोन महिने जगत नाही. त्याची गरजही नाही. गढ्यांच्या पडक्या भिंतीत पिंपळ आणि उंबर उगवलेले असतात. ते भिंत फोडतात म्हणून घरमालक दर वर्षी तोडतोच. त्याला विचारून, पाऊस लागल्यावर, दगड सैल करून मूळ न तोडता काढलं तर झाडही जगतं आणि भिंतही वाचते. दगडाला कवटाळून वाढलेल्या मुळांचा जो आकार मिळतो, तो कोणत्याही नर्सरीत मिळत नाही.

दुसरी जागा रस्त्याकडेची. जळगाव आणि धुळ्याच्या महामार्गांचं चौपदरीकरण झालं, तेव्हा रस्त्याकाठची जुनी झाडं गेली. पडलेल्या वडाची मनगटाएवढी फांदी ओल्या मातीत रोवली की पावसाळ्यात मुळं धरते. ज्या वडाखाली चार पिढ्यांनी बैलगाड्या सोडल्या, त्याचा वंश एका कुंडीत राहू शकतो. कुठलंही गाव रस्ता रुंद करणार असेल तेव्हा आधी दोन-चार माणसांनी करवत घेऊन जावं आणि फांद्या आणाव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या अर्ध्या कुंडीत आणि अर्ध्या गावाबाहेर जमिनीत लावाव्यात.

बाजारात 'बोन्साय' म्हणून मिळणारे फुगीर मुळांचे किंवा नागमोडी बुंध्याचे फायकस सुरुवात म्हणून ठीक आहेत. ते कारखान्यासारख्या शेतात एकाच साच्यात वाढवलेले असतात. ते जगवताना पाणी कधी घालायचं हे हाताला कळतं. पण शिकण्याची खरी सुरुवात होते ती स्वतः पेरलेल्या बियांपासून.

कोण पाणी घालणार

या कलेची शेवटची अट माणसांची आहे. बोन्साय एका आयुष्यात पूर्ण होत नाही. यामाकींचा पाइन कित्येक पिढ्यांनी सांभाळला, तेव्हा तो वॉशिंग्टनला पोहोचला. आपल्याकडे मुलं शिकायला पुण्याला जातात आणि तिथेच राहतात. मे महिन्यात लग्नासाठी चार दिवस गावाला जायचं तर गच्चीवरचं झाड कुणाच्या भरवशावर सोडायचं, हा खानदेशातल्या प्रत्येक बोन्सायवेड्याचा प्रश्न आहे. एक दिवस पाणी चुकलं की दहा वर्षं जातात. ओमियाने हा प्रश्न गाव वसवून सोडवला. आपल्याला गाव वसवायची गरज नाही. एका कॉलनीतल्या पाच घरांनी एकमेकांची झाडं ओळखली, पाणी घालायला शिकली, तरी पुरे. शाळांनी आणि कृषी महाविद्यालयांनी डोळा भरण्याच्या प्रात्यक्षिकाशेजारी एक उथळ कुंडी ठेवली तर मुलांना दोन्ही हात एकदम मिळतील.

गेल्या तीन वर्षांपासून आमच्या शेजारच्या घरातली मुलगी, आता आठवीत आहे, माझ्या कुंड्यांना पाणी घालते. सुरुवातीला ती झारी धरून सगळ्या कुंड्यांना सारखंच पाणी घालायची. आता आधी मातीत बोट खुपसते. चिंचेला थांबवते, उंबराला घालते. मे महिन्यात त्या उघड्या बोरापाशी येऊन कुणी "गेलं वाटतं" म्हणालं तर मी बोलायच्या आत ती नखाने साल खरवडून दाखवते.

त्या बोराला यंदा पौषात सतरा बोरं लागली. हातभर झाड, पानं अंगठ्याच्या नखाएवढी, पण बोरं बाजारातल्या बोरांएवढीच. पानं लहान होतात, फळ लहान होत नाही. संक्रांतीनंतर त्या मुलीच्या धाकट्या भावाचं बोरन्हाण झालं, तेव्हा चुरमुरे, हलवा आणि उसाच्या कांड्यांसोबत ती सतरा बोरंही त्याच्या डोक्यावरून ओतली. वेचताना तिने त्यातली दोन आठळ्यांसाठी बाजूला काढून ठेवली. मृगाला ती फोडून पेरायची आहेत.